लाल चिंधीची फांदी

पंपवाले चाचा आंब्याखाली उभे राहिले की बोलत नसत, ओरडत. आनंदाने! वडशाच्या बाजारात त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पण कुणाच्या आंब्याला गळ लागल्याचं कळलं, की शटर अर्धवट ओढून, लुनावर पायपंप बांधून हजर!

आमचा आंबा बाबांनी लावलेला. बाबा गेले आणि दर साल वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा झाडाखाली सडा पडू लागला. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबांच्या नावाने पत्रावळीवर ठेवायची कैरी आई बाजारातून आणायची, झाडाकडे न बघता. चाचांनी पावसाळ्यात बुंध्याभोवती शेणखत आणि युरिया घालायला लावला. कैरी धरल्यावर गळ थांबवायचं औषध, संजीवक, आणलं. टोपण डोळ्यांपुढे धरून म्हणाले, "बाई, इतकंच! जास्त टाकलं तं हेच कैऱ्या पाडते."

त्यांची एक खोड होती. एक फांदी ते कोरडी ठेवत आणि तिला लाल चिंधी बांधत. "हे साक्षीदार हाय. नाई तं लोकं म्हणतीन, हवेनंच झालं."

आई कुरकुरली, "काऊन जी चाचा, त्या कैऱ्यांनी काय पाप केलं?"

मलाही ते पटलं. चाचा हात धुवायला विहिरीवर गेले, तेवढ्यात उरलेलं औषध मी त्या फांदीवर मारून टाकलं. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस मी!

महिन्याने चाचा आले. झाड लगडलेलं, आईला काय करू नि काय नको झालेलं. चाचांनी मात्र आधी लाल चिंधी शोधली. तिथेही घोसच्या घोस! त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे मायी दवाई फालतू हाय, मास्तर. हवेनंच केलं सारं."

ते लुना वळवायला लागले. मला राहवेना. मी सगळं कबूल केलं.

चाचा असे ओरडले, की बांधावरची माणसं धावत आली. "मास्तरनं चोरी केली! म्हंजे दवाई पक्की हाय!" मला मिठी मारली, दोन शिव्याही हासडल्या. पुढे दरवर्षी फवारणी संपेपर्यंत ते मला ओसरीवर बसवून ठेवत.

मग चाचाही वारले. आता मीच फवारतो आणि एक फांदी कोरडी ठेवतो. गेल्या अक्तीला तिच्यावर दोनच कैऱ्या उरल्या होत्या. बाकीचं झाड वाकलेलं असताना आईने नेमक्या त्या दोन तोडल्या. एक बाबांच्या पत्रावळीवर ठेवली आणि दुसरी पदरात बांधून चाचांच्या घरी जायला वडशाची बस धरली.