पेंटरला ग्रुपमधून काढलं तेव्हा

मिक्सर दुरुस्त करणारे काका बोलताना अडखळतात. लहानपणापासून. 'क' आला की जीभ टाळूला चिकटून बसते आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. दुकानात त्यांनी त्यावर युक्ती काढली आहे. गिऱ्हाईक फारच घाईला आलं की मिक्सर सुरू करायचा! त्या घरघरीत कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. फिट्टंफाट.

अशा माणसाने अडखळणाऱ्यांचा ग्रुप काढला, आणि तोही लिहायचा नाही, बोलायचा. सगळं व्हॉइस मेसेजवर. अट एकच: कोणी काहीही बोलो, कितीही वेळ लावो, त्याला अडवायचं नाही आणि त्याचं बोलणं डिलीट करायचं नाही. आयुष्यभर ज्यांना लोकांनी मध्येच गप्प केलं, त्यांना आपण कशाला गप्प करायचं? या अटीचा काकांना केवढा अभिमान! तिचं कौतुक ऐकून ऐकून काकूंचे कान किटले होते.

ग्रुपमधला पहिला मेंबर म्हणजे त्यांचा जुना दोस्त, घरं रंगवणारा पेंटर. तोही अडखळायचा. पण दुसऱ्याची नक्कल करताना मात्र गड्याचा शब्द अडत म्हणून नसे. एकेकाचं अडखळणं तो हुबेहूब वठवायचा आणि लोक पोट धरून हसायचे. काकाही हसायचे, खोटं कशाला बोला.

मग बेकरीच्या काउंटरवरच्या ताई आल्या. बरेच दिवस नुसत्या ऐकत होत्या. एकदा धीर करून त्यांनी पहिला मेसेज पाठवला: गिऱ्हाइकाला 'ब्रेड संपला' एवढं सांगताना आपली काय गत होते ते. पेंटरने लगेच त्याची नक्कल टाकली. खाली हसण्याची रांग लागली. ताई ग्रुप सोडून गेल्या.

"जाऊ दे गं, म-मस्करी होती," काका घरी म्हणाले.

"मस्करी?" काकू भडकल्या. "बिचारी पहिल्यांदा तोंड उघडत होती, तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलंत. आणि वर म्हणे आम्ही कोणाला अडवत नाही!"

ते काकांना फार लागलं. त्यांनी ती नक्कल डिलीट केली आणि पेंटरला सांगितलं, ताईंची माफी माग, हे बंद कर. पेंटरने उत्तरादाखल काकांचीच नक्कल टाकली. काकांनी ती शेवटपर्यंत ऐकली. झकास जमली होती मेल्याला! पण पाठोपाठ ताईंची नक्कल पुन्हा आली, आणि काकांचं डोकं फिरलं.

एक बटण दाबलं की काम झालं असतं. पण माणसाला काढायचं तर तोंडावर सांगून, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुकानाचं शटर ओढून ते थेट पेंटरच्या कामावर गेले. पेंटर शिडीवर होता.

"तुला ग्रुपमधून का... का..."

"काढणार? काढणार म्हणायचंय ना?" पेंटर वरूनच म्हणाला.

"थांब. मी म्हणतो." काकांची कानशिलं लाल झाली, गळ्याच्या शिरा ताठल्या. तरी ते हटले नाहीत. "का... काढतोय."

पेंटर खाली उतरला. "न-नक्कल करतानाच माझी जीभ चालते रे. तू ती बंद केलीस तर मी बोलू कु-कुठे?"

काकांनी खिशातून फोन काढला. "दुकानात ये. माझी कर, हवी तेवढी. तिची नाही." आणि त्याच्यासमोरच त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत आणखी बरेच जण गेले, 'तुम्हीही गप्प करणारेच निघालात' असं सुनावून. ते मेसेज काकांनी ठेवले. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत उभं राहून त्यांनी ताईंना सांगितलं, "माझं चु-चुकलं." ताईंनी नुसती मान हलवली. ग्रुपवर त्या परतल्या नाहीत. पेंटरही दुकानाकडे फिरकला नाही.

तरी काकांनी उरलेल्यांसाठी नवी अट बोलून टाकली. "कोणाच्या अडखळण्याची टिंगल केलीत तर मी काढीन. दोस्त असलात तरी." 'दोस्त'वर ते चांगलेच अडकले. मेसेज पुन्हा रेकॉर्ड करता आला असता. त्यांनी तो तसाच पाठवला.