पाहुण्यांची खुर्ची

चूक माइकमामांची होती, आणि ती त्यांनी अतिशय आदराने केली होती.

वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी जाहीर चर्चा व्हायची. माइक जोडायचा, पंखे लावायचे, शेवटच्या बोलघेवड्याला गोडीगुलाबीने दाराबाहेर काढायचं, हे सगळं मामांकडे. तिथली रीत अशी की गावातले वक्ते लाकडी बाकावर बसत आणि बोलून झालं की श्रोते त्यांची यथेच्छ पिसं काढत. बाहेरून आलेल्यासाठी मात्र गादीची खुर्ची. खुर्चीवाल्याला प्रश्न विचारायचा नाही. टाळ्या वाजवायच्या आणि फाटकापर्यंत पोचवायचं.

प्रोफेसर जन्माने परदेशी. इथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथले नागरिक होऊन मतदानाच्या रांगेतही उभे राहू लागले. पहिल्या शनिवारी मामांनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडली. दुसऱ्या शनिवारीही मांडली. मग हाताला सवय लागली ती लागलीच. प्रोफेसरांचे केस पिकले, गादीचा कापूस बाहेर आला, खुर्ची काही सुटली नाही.

देशभर त्यांच्या लेखांवरून रणं माजत. मंत्री भाषणात त्यांची वाक्यं वापरत, काही नाव घेऊन, बरेचसे न घेता. फक्त आपल्या गावात त्यांच्यापुढे कुणी हूं की चूं करत नसे.

"मामा, हे लोक माझं ऐकतात की माझा पाहुणचार करतात?" एकदा त्यांनी विचारलं. मामांना ते कौतुकच वाटलं.

मग तो शनिवार आला. नगरपालिकेच्या बंद दाराआडच्या बैठका लोकांना खुल्या कराव्यात, असं प्रोफेसर मांडत होते. मधेच वकीलसाहेब उठले. "पाहुण्यांचा मान राखून सांगतो, घरच्या भांडणात पाहुण्यांनी पडू नये. आणि ते पाहुणे नाहीत म्हणावं, तर बसलेत कुठे बघा!"

सभागृह खो खो हसलं. प्रोफेसरांनी वळून खुर्चीकडे पाहिलं, कागद खिशात घातले आणि भाषण अर्धवट सोडून निघून गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आपण आता गावात बोलणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं.

"तुम्हीच बसवलंत त्यांना तिथे," मामी म्हणाली.

"अगं, मान दिला मी!"

"जावयाला देतात तसला. घरच्या पोराला कोण गादी घालतं?"

मामा अर्ध्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी ते प्रोफेसरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"शनिवारी या."

"ती खुर्ची आहे का अजून?"

"घरी नेली. आमची ही तिच्यावर बसून भाजी निवडते."

प्रोफेसर हसले.

शनिवारी ते बाकावर बसले, वकीलसाहेब आणि एक जाडजूड पेन्शनर यांच्या मधल्या वीतभर जागेत. त्यांचं बोलणं संपताच आभाळ फाटलं. वकीलसाहेबांनी मुद्द्यांची चाळण केली. "पुस्तकी गप्पा!" म्हणून मागून कुणीतरी ओरडलं. पेन्शनर तर बाकावरूनच भांडला. हात वर करून मतं घेतली, तेव्हा प्रोफेसर सपशेल हरले.

जिना उतरताना त्यांचे कान लालबुंद होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"काय धुतलं हो मला, मामा! सगळ्यांनी विचारलं, तुम्ही तेवढे राहिलात. इतकी वर्षं खांबाआडून ऐकताय. तुमचा एक प्रश्न माझ्याकडे बाकी."

"विचारतो की. पुढच्या शनिवारी."

पण प्रोफेसरांना विचारायचा म्हणजे प्रश्न तोलामोलाचा हवा. मामा शनिवारमागून शनिवार तो घासत राहिले, आणि एका पावसाळ्यात प्रोफेसरच गेले.

पुढे नगरपालिकेच्या बैठका खुल्या झाल्या. आता वकीलसाहेब ती कल्पना आपल्या वडिलांची असल्यासारखी सांगतात. निवृत्त झालेले मामा एकदा हौसेने बैठकीला गेले, तर भर दुपारी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. घरी येऊन म्हणाले, "सापडला गं प्रश्न. दार उघडलंत खरं, पण कामावरचा माणूस दुपारी येणार कसा? प्रोफेसर अडले असते बघ."

"अडले असते आणि खूशही झाले असते," मामी त्याच खुर्चीतून म्हणाली.

अजून मामा शनिवारी मागच्या रांगेत बसतात. "आणखी कुणाचा प्रश्न?" असं अध्यक्षांनी विचारलं की त्यांचा हात खांद्यापर्यंत वर जातो. मग ते कान खाजवतात.