अणूंची ओळ

मुलीची प्रयोगशाळा बघायला मी आणि हे गेलो होतो. तिथलं भलंमोठं यंत्र चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेलं होतं. मी तिच्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचे, तसंच. पडद्यावर सिलिकॉनवर बसलेल्या इंडियमच्या अणूंची ओळ दिसत होती.

"आई, साध्या उबेत हे सारख्या अंतरावर असतात आणि ओळीतून वीज वाहते," ती म्हणाली. "खूप गार केलं की दोन-दोन अणू एकमेकांजवळ सरकतात. मग वीज अडते."

"बिचारे," हे म्हणाले.

मला आमचा सोफा आठवला. ती शिकायला दूर गेल्यापासून आम्ही दोघं त्याच्या एकाच कोपऱ्यात बसतो. भांडण नाही, रुसवा नाही, पण "चहा?" आणि "ठेव" यापुढे बोलणं जात नाही. तिला हे कधी सांगितलं नाही.

एसीने गारठून आम्ही बाहेरच्या बाकावर एकाच शालीत बसलो. ती चहा घेऊन आली, "सरका जरा" म्हणाली आणि मधोमध बसली. मग हे जे सुरू झाले, ते गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या मांजरीपर्यंत बोलतच राहिले.

त्यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.