भाकरीच्या व्हिडिओला लागलेली हजेरी

गुडीहत्नूरच्या थोडं अलीकडे, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची खाणावळ आहे. ज्वारीची भाकरी, वरण, एक भाजी आणि ठेचा. पूर्वी ट्रकवाले धूर बघून थांबायचे. मग रस्ता रुंद झाला, गाड्या जोरात जायला लागल्या आणि जेवायला कुठे थांबायचं हे लोक गाडीत बसूनच फोनला विचारू लागले. फोन आमचं नाव सांगत नव्हता.

मुलानं स्पष्ट सांगितलं, कापूस वेचून होईपर्यंत असंच चाललं तर जागा पंक्चरवाल्याला देऊन टाकतो. पंक्चरवाला जागा बघूनही गेला. चूल आहे तिथं हवा भरायचं मशीन बसवीन, असं तो माझ्यासमोर म्हणाला. मी चौथी शिकलेली बाई. फोनमधलं मला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण चूल गेली की दिवसभर अंगणात बसून कोंबड्या हाकायच्या, एवढं मला कळत होतं. म्हणून सून म्हणेल ते करायला मी तयार झाले.

सुनेनं फोनवर खाणावळीची वेबसाइट केली आणि माझा भाकरी थापतानाचा व्हिडिओ काढला. त्यासाठी मला नवं लुगडं नेसवलं. नव्या लुगड्यात कोणती बाई पिठात हात घालते, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आई, तुमी फक्त हसा." व्हिडिओत आधी गाणं, मग देवळाचा कळस, मग सुनेचं लांबलचक स्वागत. भाकरी यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात खऱ्या चुलीवर दोन भाजून झाल्या असत्या. नाव दिलं, आईच्या मायेची चव.

व्हिडिओ टाकला, पण कोणी बघेना. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं उपाय केला. कुंकवाचा करंडा घेतला आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी घरोघर गेले. बाईला कुंकू लावायचं आणि सांगायचं, आमचा व्हिडिओ आलाय, सगळ्यांनी बघा. आमच्याकडे कुंकू लावून बोलावलं की जावंच लागतं. बारसं असो, साखरपुडा असो, घरातला एक माणूस जातो, तोंड दाखवतो, पानसुपारी घेतो आणि शेतात निघून जातो. बसून कोणी राहत नाही, पण आला नाही तर वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

व्हिडिओलाही लोकांनी तसंच केलं. प्रत्येकानं उघडला, अंगठा दाबला आणि बंद केला. संध्याकाळी बायका विहिरीवर मला सांगायच्या, "आमी बी पाह्यला बरं." मी पण खूश. सून रोज स्वतःच्या फोनवर शोधायची, तिला आपला व्हिडिओ सगळ्यात वर दिसायचा. तीही खूश. गाडी मात्र एक थांबत नव्हती.

दिवाळीला सुनेचा भाऊ आला. तो नागपुरात लोकांच्या वेबसाइटी करून देतो. ताटावर बसूनच त्यानं बहिणीचा फोन बघितला आणि घास हातातच राहिला.

"ताई, हे इतके लोक आले अन् लगेच पळाले. काऊन?"

"पळाले कोण? गावचे सगळे आहेत," सून म्हणाली. "आईंनी घरोघर जाऊन कुंकू लावलं."

"व्हिडिओसाठी कुंकू लावलं, मावशी?"

"मग काय गुलाल उधळू?" मी म्हणाले.

तो हसत सुटला. मला राग आला. मग त्यानं समजावलं ते असं. फोनमधलं ते यंत्र माणूस ओळखत नाही. कोण किती वेळ थांबलं तेवढं बघतं. सगळा गाव उंबऱ्यातून परत गेला, म्हणजे आत बघण्यासारखं काही नाही असं त्यानं धरलं आणि दुसऱ्यांना दाखवायचं सोडून दिलं.

"माझ्या फोनवर तर सगळ्यात वर येते," सून म्हणाली.

"तू दिवसातून दहादा पाहून राह्यली, म्हणून तुले दाखवते. माझ्या फोनवर शोध."

तिनं शोधलं. खाली, खाली, आणखी खाली गेली. आमचं काही आलं नाही. तिनं फोन त्याच्या मांडीवर टाकला आणि आत जाऊन भांडी आपटू लागली.

मला तर संतापच आला. लोक माझ्या मानासाठी आले होते. त्यांचं येणंच आम्हाला नडलं म्हणे. असलं कसलं यंत्र, ज्याला आलेल्या माणसाची किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी भावानं बहिणीला बसवून सगळं पुन्हा लिहायला लावलं. मायेची चव कोणी शोधत नाही, म्हणाला. गाडीतला माणूस विचारतो, पुढे ज्वारीची भाकरी कुठे मिळेल, खाणावळ दुपारी चालू असते का, गाडी लावायला जागा आहे का, बायकांसाठी संडास आहे का. शेवटच्यावर मी अडून बसले. जेवणाच्या पानावर संडासाचं नाव लिहायचं नाही म्हणाले.

"मावशी, पोरंबाळं घेऊन निघालेली बाई आधी तेच इचारते."

ते खरं होतं, म्हणून मी लिहू दिलं. व्हिडिओही नवा केला, जुन्या लुगड्यात. उघडला की माझे हात आणि पीठ, लगेच. नाव साधं, रस्त्यावर चुलीवरची ज्वारीची भाकरी कुठे मिळते ते. तेच मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत लिहिलं.

मग भाऊ म्हणाला, "आता गावात सांगा, हा कोणी उघडू नका."

हे काम माझ्या वाट्याला आलं. कुंकू लावून बोलावलं त्याच दारात उभं राहून, येऊ नका, असं सांगायचं. माझी जाऊ दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, "आमच्या पाहण्यानं बी बाटते का आता?"

"बाटत नाही. तुम्ही थांबत नाही, म्हणून अडते."

"आमाले कामं आहेत. तुझ्या पिठाकडे पाहत कोण बसन?"

"तेच म्हणते. पाहू नको."

ती बरेच दिवस बोलली नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या, वाण घेतलं आणि माझ्याशी न बोलता गेल्या. सांगून समजण्यासारखं ते नव्हतंच. मलाच अर्धं समजलं होतं.

आणि इतकं करून झालं काय, तर लातूर-सोलापूरच्या बायका व्हिडिओ बघू लागल्या. पीठ गरम पाण्यात भिजवता का थंड, भाकरी कडेला चिरते, काय करू, असं लिहून विचारायच्या. सून प्रत्येकीला उत्तर द्यायची. मी म्हणाले, या तिथून जेवायला येणार आहेत का? ती म्हणाली, त्या बघत थांबतात म्हणूनच ते यंत्र व्हिडिओ पुढच्याला दाखवतं. मला हा हिशेब पटत नव्हता, आजही पटत नाही. दुपारी भाकऱ्या उरायच्या, त्या म्हशीला जायच्या.

कापूस वेचून झाला. पंक्चरवाला चावी मागायला आला आणि बाकावर बसला. मुलानं त्याला चहा दिला. तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून खाली उतरली. नवरा-बायको, दोन मुली, एक म्हातारी. बाईनं हातातला फोन बघितला, मला बघितलं आणि आधी संडास कुठे आहे ते विचारलं. मग सगळे जेवायला बसले. नवऱ्यानं माझ्या हातांसमोर फोन धरला.

"आधी जेवा," मी म्हणाले. "भाकरी निवून राह्यली."

ते जाईपर्यंत पंक्चरवाला बसूनच होता. मुलगा त्याला म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू."

"एका गाडीनं काय होते, भाऊ?"

"काही होत नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं ना."

त्या आठवड्यात आणखी एक गाडी आली. त्यानंतर बरेच दिवस कोणी नाही. मग एकदम दोन, आणि नेमकं पीठ संपलेलं. का येतात आणि का येत नाहीत, हे सुनेच्या भावालाही नीट सांगता येत नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणतो, मावशी, ते बदलत राहते. मुलगा दर महिन्याला पंक्चरवाल्याला पुढच्या महिन्यावर ढकलतो. मी पहाटे पीठ दळून ठेवते आणि रस्त्याकडे बघत बसते, तेव्हा आज फोन कोणाला आमचं नाव सांगतो, यावरच सगळा जीव टांगलेला असतो.