तोंडवलीचे सी-फू

गणपतीपासून आत्माराम आबांचा फोन लागत नव्हता. दिवाळी झाली आणि मी पुण्याहून निघाले. खरं तर मागच्याच वर्षी जायचं होतं. दर वेळी काहीतरी काम निघायचं.

आबा तरुणपणी हाँगकाँगच्या एका खानावळीत स्वयंपाकी होते. तोंडवलीत त्यांनी काढलेल्या खानावळीत जेवायला गेले तेव्हा ओळख झाली आणि मग फोनवरून ते मला कँटोनीज शिकवू लागले. मी त्यांना ‘लाउ-सी’ म्हटलं, तर हसले. “ता शाळेतल्या मास्तराक. विद्वान माणसाक सिन्-सांग. माका सी-फू म्हण. हातान काम शिकवणाऱ्याक सी-फू म्हणतत.”

तुम्ही जाणार असाल तर सकाळच्या गाडीने कणकवलीला उतरा, स्टँडवर गरम घावणे खा आणि मालवणची एसटी धरा. पुढे रिक्षा, तोंडवलीचे पाचशे घेतात. रस्ता सुंदर आहे. सुरूच्या बनामागे समुद्र दिसत राहतो.

“आत्मारामाकडे?” रिक्षावाल्याने विचारलं. “तेंची खानावळ बंद झाली मगे. तेंका अर्धांगाचो झटको इलो.”

त्यानंतर मला समुद्र दिसला नाही.

दारात त्यांची सून, सुलभावहिनी. “ये गो बाय. ते सगळा ऐकतत, पण तोंडातून शब्द नाय.”

मी खाटेपाशी बसले. “सी-फू,” म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. वाकडं झालेलं तोंड हलत राहिलं, नुसता घरघराट आला.

“तुझी वाट बघत होते,” वहिनी म्हणाल्या. “ज्या म्हाताऱ्या चिन्यान तेंका शिकवल्यान, तेचा तुका सांगूचा होता. फोनवर नको, समोर बसवन सांगतंय, म्हणायचे. आमका तेचा नावसुद्धा म्हायत नाय.”

मी वही-पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्यांनी खूप वेळ काहीतरी ओढलं. ते अक्षर नव्हतं, चिनीही नाही नि मराठीही नाही. त्यांनाही ते कळलं. पेन्सिल भिरकावून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवस राहिले. वहिनींनी बांगड्याची आमटी केली, सोलकढी केली. निघताना पाया पडले, तरी आबा वळले नाहीत.

घरी येऊन शब्दकोश उघडला. गुरूच्या गुरूला ‘सी-गुंग’ म्हणतात. म्हणजे हाँगकाँगच्या त्या स्वयंपाकघरातला तो म्हातारा माझा सी-गुंग. त्याचं नाव जगात आता एकाच माणसाला ठाऊक आहे आणि ते त्याला उच्चारता येत नाही. मागच्या वर्षी गेले असते, तर एका दुपारचं काम होतं.