पहिली चाल धाकट्या सुनेची

लकडगंजच्या आमच्या घरात मी सर्वांत शेवटी बोलायची. भाजी कोणती, लग्नाला कोण जाणार, सगळं ठरून झालं की धाकट्या सुनेला विचारायचे, तेही हो म्हणण्यापुरतं. पण रविवारी दुपारी तीन पत्ती खेळायला बसलो की हे उलटं व्हायचं. पत्ते कुणीही वाटोत, पहिली चाल सर्वांत लहान असेल तिने करायची, हा सासूबाईंचा नियम. नवीन होते तेव्हा मला वाटलं, काय लाड आहेत माझे! महिनाभर हरल्यावर कळलं की लाड वगैरे काही नाही. माझ्या हातात काय आहे ते सगळ्यांच्या आधी मीच सांगून टाकत होते.

सत्तरच्या दशकातले उन्हाळे ते. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत घोरत पडायची आणि मधल्या खोलीत कूलरसमोर आम्ही तिघी: सासूबाई, जाऊबाई आणि मी. ओल्या वाळ्याचा वास आणि आरा मशीनवरून येणारा ताज्या कापलेल्या सागाचा वास एकत्र व्हायचा. त्या वासासाठी आजही जीव तुटतो माझा.

खेळ चिंचोक्यांवर; प्रत्येक डावाआधी तिघींनी एकेक चिंचोका मधे टाकायचा. चारच्या चहापर्यंत जिच्या वाटीत सर्वांत कमी चिंचोके, तिने आठवडाभर संध्याकाळच्या पोळ्या लाटायच्या. अकरा माणसांच्या. बहुतेक वेळा ती मीच असायची. सासूबाई पानं न बघताच मूठ-मूठ चिंचोके टाकत सुटायच्या. पानं बघून खेळणारीला त्यांच्या दुप्पट टाकावे लागत. जाऊबाई लगेच "मले नाही जमत बा" म्हणत पानं टाकून पॅक व्हायच्या. आणि माझं काय व्हायचं, तर चांगली पानं आली की मी पहिल्याच चालीला अर्धी वाटी ओतायची. "हिले काहीतरी लागलं वं," म्हणत दोघी पानं फेकून द्यायच्या. एवढी चांगली पानं, आणि पदरात दोन चिंचोके!

त्या वर्षी टायपिंगची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पास झाले असते तर कचेरीत अर्ज करता आला असता. बर्डीवरच्या क्लासमध्ये मशीन मिळायचं ते संध्याकाळी पाच ते सात, नेमक्या पोळ्यांच्या वेळी. सासूबाईंना विचारलं.

"काहून? टायपिंग करून का करतं? अन् पोळ्या कोन लाटन?"

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. मला दोघांचाही भयंकर राग आला.

त्या रविवारी शेवटच्या डावात मला तीन राण्या आल्या. पहिली चाल अर्थातच माझी. हात सवयीने वाटीत गेला, तो मी तिथेच आवरला आणि मोजून दोन चिंचोके टाकले. जाऊबाई पॅक. सासूबाईंनी न बघता मूठ टाकली. मी पानांकडे बघत उसासा सोडला.

"आई, देऊ का फेकून?"

"भेतं काहून एवढी? खेळ ना वं."

मी नाइलाज झाल्यासारखं करत चिंचोके टाकले. त्यांनी आणखी टाकले, मी पुन्हा कुरकुरत टाकले. मग त्यांनी पहिल्यांदा पानं उचलून पाहिली, ओठ घट्ट मिटले आणि अख्खी वाटी मधे ओतली. मीही ओतली. त्यांच्याकडे बदामाची सात, आठ, नऊ होती. तीन सारखी पानं त्याहून वरचढ; मी राण्या एकेक करून खाली ठेवल्या. एवढा दुष्टपणा मी केलाच.

"राहू द्या आई, मी लाटतो," जाऊबाई घाईने म्हणाल्या.

"नियम म्हंजे नियम," सासूबाई म्हणाल्या.

कित्येक वर्षांनी त्यांनी लाटणं हातात घेतलं होतं. पोळ्या जाड व्हायच्या, कडा कच्च्या राहायच्या. घरात कुणाची बोलायची हिंमत नव्हती. मी सातनंतर क्लासमधून धावत घरी यायची आणि खाली मान घालून जेवायची. गुरुवारी त्यांनी वाढता वाढता विचारलं, "त्या मशीनमदी माहं नाव निघते का?"

दुसऱ्या दिवशी मी ते काढून आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून मागे उमटलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग घडी करून बांगड्यांच्या डब्यात ठेवला.

रविवारी पुन्हा पत्ते वाटले गेले. परीक्षेला अजून दोन आठवडे होते, आणि तीन राण्या काही दर रविवारी येत नाहीत. मी पानांकडे हात नेला.

"थांब वं. आज पहिली चाल माही."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी आपली तिन्ही पानं तशीच मधे सरकवली. "पॅक."

पुढचा डावही तसाच, त्याच्या पुढचाही. चार वाजेपर्यंत त्यांनी एकही पान उलटून पाहिलं नाही. मग रिकामी वाटी उपडी ठेवून त्या उठल्या आणि कणकेची परात काढायला आत गेल्या.