जयाचा डावा गुडघा

जया पडली तेव्हा तिला कुणीही हात लावला नव्हता. पुढं तिच्याबद्दल जे जे बोललं गेलं, त्याचं मूळ एवढंच.

शहाण्णव सालचा डिसेंबर. आणे गावात मुलींच्या कबड्डीचे सामने होते. आमच्या राजुरीच्या संघात मी कोपरा सांभाळायचे आणि जया चढाईला जायची. आम्ही दोघीही अकरावीत. शेवटचा सामना घोडेगावच्या मुलींशी होता. दीड मिनिट उरलेलं, आम्ही एका गुणानं मागं. जया आत गेली, उजवीकडं हूल दिली, डाव्या पायावर गर्रकन वळली आणि मटकन खाली बसली. समोरची मुलगी दोन हात लांब होती. धरावं की नको, हेच तिला क्षणभर कळेना. मग चौघी तिच्यावर तुटून पडल्या. आम्ही हरलो.

"गुडघ्यात काहीतरी टचकन वाजलं," जया म्हणत होती. ते बाकी कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

योगायोग असा, की आठवड्यापूर्वीच घोडेगावच्या एका घरातनं जयासाठी विचारणा आली होती. परतताना टेम्पोत आमचे गोरख सर म्हणाले, "पावण्यांच्या पोरींना हरवायचं जिवावर आलं व्हय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. जया दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली होती.

सकाळी गुडघा टम्म सुजला. तिच्या वडलांनी, दादाभाऊंनी, तिला नारायणगावला नेऊन गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "हाड ठणठणीत आहे. मुका मार लागलाय." मुलगी लंगडी झाली असं लोकांना वाटू नये, म्हणून दादाभाऊ येईल त्याला तो फोटो दाखवायचे. "बघा राव, काय बी न्हाई." लोक बघायचे, मान डोलवायचे, आणि घरी जाऊन म्हणायचे, काहीच नाही तर मग पडली कशाला?

तीन आठवड्यांत सूज उतरली. जया सरळ चालायची, सरळ धावायचीसुद्धा. पण शेताच्या बांधावरनं उतरताना, डोक्यावर भारा घेऊन वळताना, गुडघा दगा द्यायचा. "आत एक हाड दुसऱ्यावरनं घसरतं," ती सांगायची. फेब्रुवारीत सरांनी तिला मैदानावर बोलावलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ती वळताना परत पडली.

"चालतीस, धावतीस, आन् वळायला लावलं की पडतीस," सर म्हणाले. "असलं कसलं दुखणं?"

जया उठून कपड्यांवरची माती झटकू लागली. दुखणंबिखणं काही नाही, ती मुद्दाम पडते, असं आम्ही ठरवून टाकलं. ती पुन्हा खेळायला आली नाही. घोडेगावकरांनीही पोरीचा पाय अधू आहे असं ऐकून विषय सोडून दिला. म्हणजे ज्यांच्यासाठी ती मुद्दाम हरली म्हणत होतो, त्यांनाच ती लंगडी वाटली.

एक गोष्ट तिनं मला फार उशिरा सांगितली. त्या उन्हाळ्यात ती एकटीच मळ्याकडं निघाली होती. सुबाभळीच्या आडोशाला तिला पांढरी टोपी दिसली. दादाभाऊ उभे होते. कुणी बघत नसताना लेक लंगडते का, हे ते बघत होते.

"त्या वक्ताला मी खरंच लंगडत नव्हते गं," जया म्हणाली. "मग त्यांना दिसावं म्हणून लंगडले. पुढं कुणी बघतंय वाटलं की पाय ओढायचे. पुढं पुढं घरात एकटी असले तरी तेच. खरं करतीये का सोंग, माझं मलाच कळंना."

दोन हजार एक साली तिच्या आईचा, अंबाबाईंचा खांदा आखडला. मंचरला प्राची नावाच्या नव्या बाई व्यायामानं उपचार करतात असं कळलं, म्हणून जया आईला घेऊन गेली. आईचं आटोपल्यावर जया बाकावरनं उठली, तशी प्राचीताईंनी विचारलं, "तुमच्या पायाला काय झालंय?"

"काय न्हाई."

"झोपा इथं."

त्यांनी तिचा उजवा गुडघा वाकवला, मांडी एका हातानं दाबली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. मग डावा. "उजवा जागेवर थांबतो. डावा पुढं सरकतो," त्या म्हणाल्या. "दोन हाडांना बांधून ठेवणारी आतली दोरी तुटलीये. हाडाच्या फोटोत ती दिसत नाही. पडलात तेव्हा कुणी ढकललं नव्हतं ना? वळतानाच झालं असणार."

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचंच म्हणणं तिला सांगत होतं, आणि जयाला त्याचाच संशय आला. बाहेर येताच तिनं आईला धरलं, "तू आधीच सांगितलंस ना त्यांना?"

"देवाशपथ न्हाई," अंबाबाई म्हणाल्या. जयाला ते पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती दादाभाऊंना घेऊन गेली. प्राचीताईंनी त्यांचेच हात नडगीवर ठेवले, कसं ओढायचं ते दाखवलं. त्यांनी उजवा ओढून पाहिला, डावा पाहिला, परत उजवा पाहिला. मग हात पायजम्याला पुसले. "ह्यो सरकतोय," एवढंच म्हणाले. एसटीत नारायणगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मग म्हणाले, "मला वाटलं, फोटूत समदं दिसतं."

ते गोरख सरांकडंही गेले. सर म्हणाले, "पाच वर्सांनी काय बी सरकंल, दादाभाऊ." गावात सरांचंच म्हणणं जास्त लोकांना पटलं.

मी जयाकडं गेले आणि टेम्पोत आपणही हसलो होतो, असं कबूल केलं.

"माहितीये," ती म्हणाली. "तुझं हसणं वळखते मी."

शस्त्रक्रिया नको म्हणून तिनं व्यायाम धरला. दीड वर्ष, रोज. मांडीत इतकी ताकद आली, की तुटलेल्या दोरीचं काम मांडीच करू लागली. प्राचीताईंनी एका पायावर उभं केलं, पायरीवरनं उतरवलं, वळायला लावलं, उड्या मारायला लावल्या. म्हणाल्या, "पाय धरतो आता. बिनधास्त वापरा."

जया मात्र जिना उतरताना भिंतीला हात लावायची. "इथं धरतो, पण बाहेर धरायचा न्हाई. मला आतनं कळतंय," ती म्हणाली.

"मागं तुमचं आतलंच खरं निघालं होतं," प्राचीताई म्हणाल्या. "या खेपेला खरं आहे का, ते मला सांगता येणार नाही."

जयाचं लग्न पुढं मंचरजवळच झालं. पायाचं तिनं स्थळाला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. दोन हजार चार साली मी तिच्याकडं गेले होते. आम्ही ओट्यावर बोलत बसलो होतो, तेवढ्यात वासराचं दावं सुटलं आणि ते पाटाच्या चारीपलीकडच्या कांद्यात घुसलं. जया उठली, पळाली, पाण्यानं वाहणारी चारी एका ढांगेत ओलांडून डाव्या पायावर उतरली, तिथल्या तिथं वळली आणि दावं पकडलं. हे सगळं इतक्या झटक्यात, की मला एकदम आण्याचं मैदानच दिसलं.

मग ती थांबली. खाली पायाकडं बघितलं.

"मी उडी मारली का गं?"

"मारलीस की!"

वासरू बाभळीला बांधून ती चारीच्या काठावर आली. परत अलीकडं यायचं होतं. पदर खोचला, पुढं झुकली, थांबली. मांडीवर हात ठेवला, पुन्हा झुकली. पाय उचलेना.

"नको," ती स्वतःशीच म्हणाली.

तीसेक पावलांवर चारी ओलांडायला टाकलेली फरशी होती. वासराला सोडून घेऊन ती तिकडनं आली.